नाहीतर डावीकडे

माझ्या आत्याला कशाचीही किळस यायची. दुसऱ्याच्या पेल्याची, ओल्या टॉवेलची, भांडी घासायच्या चोथ्याची. बाबा खुर्चीत बसून पायाची नखं कापायला लागले की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. ‘शी’ हा शब्द तिच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला होता. शेजारची मुलं तिला ‘शी-आत्या’ म्हणतात हे तिच्या कानावर आलं, तेव्हाही ती म्हणाली, “शी! काय हे नाव!”

अशी बाई हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या कारखान्यात, नोकरीला लागली. बाबा आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, “ताई, आठवडाभर टिकलीस ना, तर मी नखं अंगणात जाऊन कापीन.” ती कित्येक वर्षं टिकली. बाबा काही अंगणात गेले नाहीत.

खरं तर ती ऑफिसातल्या टायपिंगच्या जागेसाठी गेली होती. मालकाला आपला कारखाना दाखवायची हौस. तो तिला उबवणीच्या खोलीत घेऊन गेला. आत्या ती खोली सांगायची तेव्हा आम्ही जेवत नाही ना, हे आधी बघून घ्यायची. “कुणाच्या तरी उघड्या तोंडात शिरल्यासारखं वाटतं,” ती म्हणायची. “गरम, ओलं, आणि दात न घासलेलं.” भिंतीला लागून उंच उंच कपाटं, त्यांत अंड्यांचे ट्रे. आत्याने नाकाला रुमाल लावला, चार पावलं चालली आणि एका कपाटाकडे बोट दाखवलं. “इथे काहीतरी सडलंय.”

सुपरवायझर म्हणाला, काही नाही, रोजचाच वास आहे. त्याने खात्री पटवायला ट्रे बाहेर ओढला आणि त्यातलं एक अंडं फटकन फुटलं. कुजलेल्या अंड्यात गॅस धरतो, जरा धक्का लागला की ते फटाक्यासारखं उडतं. हिरवट करडं पाणी त्याच्या शर्टवर, मानेवर, मिशीवर. आत्या पळत बाहेर जाऊन ओकली. मालक मात्र तिच्या मागोमाग आला, डोळे चमकत होते त्याचे. टायपिंगची परीक्षा त्याने घेतलीच नाही.

म्हणून तिला अंडी तपासायला बसवलं. अंधारी खोली, एक दिवा, आणि दिव्यासमोर एकेक अंडं धरायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं चांगलं. नुसताच उजेड आरपार आला तर रिकामं. काळं दिसलं तर सडलेलं, ते हळूच, अगदी श्वास रोखून, बादलीत. आत्या हातमोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घालायची आणि घरी आल्यावर कोपरापर्यंत हात घासत बसायची. तरी तिला तिच्या केसांना वास येतोय असं वाटायचं. “सोड ना मग,” आई म्हणायची. “सोडीन,” आत्या म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघायची. बाबांचा पगार तेव्हा तुटपुंजा होता, एवढंच मी सांगते.

मग मालकाने मशीन आणलं. मशीन म्हणजे काय, एक कॅमेरा, एक छोटा कॉम्प्युटर आणि त्यांना जोडलेल्या मोटारी, झडपा, पंप. ते बसवायला जो माणूस आला त्याला सगळे ‘मशीनवाला’च म्हणायचे. त्याने मालकाला सांगितलं, “तुमच्यापैकी कुणीतरी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, लिहायला शिका. मी दर वेळी येणार नाही.” मालकाने सुपरवायझरकडे पाहिलं, सुपरवायझरने छताकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “मी शिकते.” कारण कॉम्प्युटर ज्या केबिनमध्ये ठेवला होता तिला काचेचं दार होतं, आत पंखा होता आणि आत वास नव्हता.

मशीनवाला बोलका आणि घाईत असलेला माणूस. काही दुपारी त्याने तिला शिकवलं, तेही खिडकीतून गाडीकडे बघत बघत.

“हे बघा मॅडम, दोनच गोष्टी आहेत. एक, इफ आणि एल्स. जर अमुक असेल तर हे कर, नाहीतर ते कर. दुसरी, लूप. तेच काम पुन्हा पुन्हा कर.”

“किती वेळा?”

“तुम्ही सांगाल तितक्या. किंवा एखादी अट खरी असेपर्यंत.”

“आणि त्याला कंटाळा नाही येत?”

“त्याला काहीच येत नाही.”

हे शेवटचं वाक्य आत्याला फार आवडलं. घरी आल्यावर तिने ते आम्हाला दोनदा सांगितलं. किळस न येणारं, वास न येणारं, हात न लागणारं काम जगात आहे, याचं तिला अप्रूप वाटलं. अंडी आता कॅमेऱ्यासमोरून जाऊ लागली. जर उजेड आरपार, तर बाजूला. जर पूर्ण काळं, तर बाजूला. नाहीतर पुढे. पुढचं अंडं. पडद्यावर आकडे हलायचे आणि आत्या पंख्याखाली बसून ते बघायची. त्या दिवसांत ती चक्क गुणगुणायची.

पहिला फटका लवकरच बसला. पिल्लं अंड्यांतून बाहेर पडतात त्या खोलीच्या जमिनीवर टरफलं, चिकट पडदे, न फुटलेली अंडी आणि विष्ठा यांचा नुसता राडा होतो. तो धुवायचा पंप आत्याने स्क्रिप्टला जोडला. जमीन घाण असेपर्यंत पाणी मार, असा लूप. जमीन घाण आहे की नाही हे सांगायला तिने एक बटण ठेवलं होतं. सफाई झाली की कामगाराने ते दाबायचं. पण ते बटण दाबलंय का, हे लूपच्या आत पुन्हा बघायचं असतं, ते ती विसरली. तिने एकदाच, सुरुवातीला, विचारलं होतं. कामगाराने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग त्यावर बुक्क्या मारल्या. पंप आपला चालूच. टरफलांनी गटार तुंबलं, आणि तो सगळा लगदा तरंगत तरंगत उंबरा ओलांडून बोळात आला, बोळातून केबिनच्या काचेच्या दाराखालून आत, आणि आत्याच्या चपलांत.

ती खुर्चीवर चढून उभी राहिली आणि तिथूनच मशीनवाल्याला फोन लावला. “हा थांबत का नाहीये?”

“थांब म्हणून त्याला कुठे सांगितलंय तुम्ही?” तो म्हणाला. “लूपच्या आत बघा. बाहेर सांगून त्याला ऐकू जात नाही.”

त्या चपला तिने घरी आणल्याच नाहीत. अनवाणी आली. आम्ही खूप हसलो, तीही थोडी हसली. चूक कळली होती, ओळ बदलली होती, पंप आता वेळेवर थांबत होता.

मग पट्ट्याचं काम आलं.

ही हॅचरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांची होती. त्या जातीत पिल्लू बाहेर आलं की रंगावरून कळतं: मादी तपकिरी, नर फिकट पिवळा. आजवर बायका हाताने निवडायच्या. मालकाला ते सरकत्या पट्ट्यावर हवं होतं. पट्ट्यावर लहान लहान वाट्या, वाटीत एकेक पिल्लू, वर कॅमेरा, पुढे एक झडप.

“सोपं आहे,” मालक म्हणाला. “तपकिरी उजवीकडे. बाकी डावीकडे.”

“डावीकडे काय आहे?”

“डावीकडे नर.”

“नाही, म्हणजे पुढे त्यांचं काय?”

“पुढे काही नाही. ते अंडी देत नाहीत ना.” असं म्हणून त्याने खिशातून किल्ली काढली आणि तो किल्लीच्या टोकाने कान कोरायला लागला. त्याची ती सवयच होती. आत्याने तोंड फिरवलं. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. किल्लीच्या टोकाला काय निघालं ते बघावं लागू नये, म्हणून विचारला नाही, असं ती पुढे सांगायची. आणि मग स्वतःच म्हणायची, “खोटं. मला ऐकायचंच नव्हतं.”

कारण पट्ट्याच्या डाव्या टोकाला एक खोली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे एक माणूस कामाला होता, कानांवर मोठाले आवाज-बंद पॅड लावून बसलेला, म्हणून त्याचं नाव पडलं होतं कानटोप्या. तो कुणाशी बोलायचा नाही, जेवायला वेगळा बसायचा. त्या खोलीतून आवाज यायचा आणि वासही यायचा. एवढं तिखट नाक आत्याचं, पण तो वास तिने सडक्या अंड्यांच्या नावावर टाकून दिला होता.

तिने स्क्रिप्ट लिहिली. मी ती मोठेपणी पाहिली आहे, तिने कागदावर काढून दाखवली मला. बोटभर लांबीची. प्रत्येक वाटीसाठी: जर रंग ठरवलेल्या आकड्याहून गडद, तर झडप उजवीकडे, नाहीतर डावीकडे. पुढची वाटी. बस. मालकाने कारखान्यातल्या सगळ्यांना बोलावून ती चालताना दाखवली. झडप पाखराच्या पंखासारखी फडफडत होती, पिल्लं वाट्यांतून घसरत होती, चिवचिवत होती. त्या हाताने निवडणाऱ्या बायकांना त्याच आठवड्यात घरी पाठवलं. त्यांतली एक जाताना आत्याला म्हणाली, “बरं झालं बाई. आता तूच बघ.” आत्याला वाटलं ती चिडून बोलतेय.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सकाळी पिल्लांचा मोठा लॉट निघाला होता. नवीन पिल्लांच्या अंगावरून बारीक लव उडते, पिठासारखी. ती हवेत तरंगते, नाकात जाते, चहावर सायीसारखी बसते. त्या लवेचा थर कॅमेऱ्याच्या भिंगावर बसत गेला आणि त्यावर खोलीतली वाफ. भिंग पांढुरकं झालं. आता कॅमेऱ्याला जे दिसेल ते फिकटच दिसणार. तपकिरी पिल्लू फिकट, पिवळं पिल्लू फिकट. जर गडद, तर उजवीकडे; पण गडद काही नव्हतंच. सगळं नाहीतर.

आत्या केबिनमध्ये होती. उजवीकडची खोकी भरायला ठेवलेला कामगार काचेवर टकटक करून म्हणाला, “बाई, इकडे काहीच येत नाहीये. पट्टा बंद आहे का?”

पट्टा बंद नव्हता. झडप एकाच बाजूला पडून राहिली होती. आत्याला एका क्षणात कळलं. तिने केबिनमधून स्क्रिप्ट थांबवली, झडप थांबली, पण पट्ट्याची मोटार वेगळी, तिचं बटण डाव्या खोलीत. ती धावत गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ते दार उघडलं.

तिथे जे होतं ते ती कधी पूर्ण सांगायची नाही, आणि मीही सांगणार नाही. एक लोखंडी तोंड होतं, त्यात फिरणारी पाती होती, आणि पट्टा तिथे संपत होता. खाली एक पिंप होतं. भिंतींवर कमरेभर उंचीपर्यंत शिंतोडे वाळले होते आणि त्यांवर लव चिकटली होती, त्यामुळे भिंत केसाळ दिसत होती. आणि पट्ट्यावरून तपकिरी पिल्लं येत होती. जिवंत, कोरडी, डोळे उघडे. कानटोप्या स्टुलावर बसून हनुवटीला हात लावून ते बघत होता.

आत्याने बटणावर हात आपटला. मोटार थांबली. पट्ट्याच्या अगदी कडेला एक पिल्लू उभं राहिलं.

कानटोप्याने पॅड काढले. “बंद का केलं?”

“तपकिरी आहेत! दिसत नाही तुम्हाला? माद्या आहेत या!”

“दिसतंय की.”

“मग थांबवायचं नाही?”

“मला काय माहीत,” तो म्हणाला. “इकडे येईल ते घ्यायचं. निवड तिकडे होते, बाई. तुमची आहे ना ती?”

आत्या तिथेच, दाराच्या चौकटीला धरून, ओकली. कानटोप्याने मुकाट्याने पाण्याचा पाईप सोडला आणि तेही पिंपाच्या दिशेने ढकललं. हे त्याने अगदी सहज, रोजच्यासारखं केलं.

मालक आला. कपाळाला हात लावला, येरझाऱ्या घातल्या, कामगारावर ओरडला, मशीनवाल्याला शिव्या घातल्या. “माद्या गेल्या! सगळ्या माद्या!” तो म्हणत राहिला. आत्या भिंतीला टेकून उभी होती. आपण त्या भिंतीला टेकलोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

“आणि पिवळी रोज जातात ती?” तिने विचारलं.

“त्यांचं काय?” मालकाला खरंच कळलं नाही. तो प्रामाणिकपणे तिच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने खिशातून किल्ली काढली.

आत्या म्हणायची, त्या माणसाची मला त्या दिवसाइतकी किळस कधी आली नाही. आणि त्या किळसेत अर्धा वाटा माझा होता, कारण त्याने निदान विचारलं तरी की त्यांचं काय. मी ‘नाहीतर’ लिहिलं आणि पंख्याखाली बसले.

दुपारी सगळे गेल्यावर ती केबिनमध्ये परत आली. भिंग अजून पुसलं नव्हतं. तिने स्क्रिप्ट चालू केली, पट्टा बंदच ठेवला, पडदा काचेकडे वळवला आणि बाहेर जाऊन कॅमेऱ्यासमोर आपला रुमाल धरला. पडद्यावर आलं: डावीकडे. पेनाचं टोपण धरलं. डावीकडे. काहीच धरलं नाही, रिकामी वाटी. डावीकडे. मग तिने भिंग पुसून आपला हात धरला. हात गोरा नाही तिचा, पण दिव्याखाली तो ठरवलेल्या आकड्याइतका गडद भरला नाही. डावीकडे. बराच वेळ ती हात तसाच धरून बसली होती. जी गोष्ट आपण विचारातच घेतली नाही, ती सगळी नाहीतरमध्ये जाते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मशीनवाल्याला निघायची घाई होती.

तिने ओळी बदलल्या. जर तपकिरी, तर उजवीकडे. जर पिवळं, आणि पिवळं म्हणजे नक्की किती तेही आकड्यात, तर डावीकडे. नाहीतर पट्टा थांबव आणि माणसाला बोलव. त्यासाठी पट्ट्याची मोटारही तिने मशीनवाल्याकडून कॉम्प्युटरला जोडून घेतली. पट्टा आता घडीघडीला थांबायचा, कुणीतरी येऊन भिंग पुसायचं, शिव्या द्यायचं. मालकाने कुरकुर केली, पण माद्या वाचत होत्या म्हणून चालवून घेतलं.

मग ती मालकाकडे गेली आणि म्हणाली, दुसऱ्या अटीतलं डावीकडे मला बदलायचंय. पिवळी पिल्लं कुणाला तरी वाढवायला देऊ.

“आणि दाणा कोण घालणार? तू?”

“मग मी ही स्क्रिप्ट ठेवणार नाही.”

“तू नाही ठेवलीस तरी ती राहतेच की,” मालक म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात. “मशीनवाल्याकडे प्रत आहे. चार हॅचऱ्यांना दिली त्याने. चांगली लिहिलीयेस तू.”

हे तिला माहीत नव्हतं. तिने त्या दिवशी नोकरी सोडली. घरी आल्यावर बाबांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. “ताई, सगळीकडे असंच असतं. तू काय जगाचा मक्ता घेतलायस? अंडी खातेस ना तू?”

“आजपासून नाही.”

“म्हणजे आम्हीही नाही?”

“तुम्ही खा. माझ्यासमोर नको.” मग ती थांबली आणि म्हणाली, “नाही. माझ्यासमोरच खा. मी बघते.” आणि खरंच, बाबा अंडं सोलत असले की ती आता उठून जायची नाही. समोर बसायची. बाबांचाच घास अडायचा. शेवटी ते बाहेर टपरीवर जाऊन खाऊ लागले.

काही महिने ती घरीच होती, नुसती हात धूत. मग पार्सलच्या गोदामात लागली. तिथेही पट्टे, तिथेही कॅमेरे. पत्ता वाचून पार्सल या गावाच्या किंवा त्या गावाच्या गाडीकडे वळवायचं. साहेब तरुण होता, टापटीप. त्याने पहिल्या दिवशी पडद्यावर स्क्रिप्ट दाखवली. जर हा विभाग, तर हे दार. जर तो विभाग, तर ते दार. शेवटी एक नाहीतर.

“हे कुठे जातं?” आत्याने विचारलं.

“मागच्या खोलीत. पत्ता न लागणारी, फाटलेली वगैरे.”

“दाखवा.”

“तिथे काही बघण्यासारखं नाहीये, मॅडम. आणि जरा वास...”

“म्हणूनच दाखवा.”

साहेबाने किल्ली शोधून काढायलाच बराच वेळ लावला. दार उघडलं आणि तो स्वतः दोन पावलं मागे सरकला. छतापर्यंत खोकी. खालची वरच्यांच्या वजनाने चेपलेली, त्यांतून काहीतरी गळून जमिनीवर काळा पाक झालेला. कुणीतरी कुणाला पाठवलेलं खाणं, फुगलेल्या पिशव्यांत. औषधांचं एक खोकं, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘तातडीचे’, आणि पत्त्यावर सांडलेल्या चहाचा डाग. अळ्या होत्या. उंदरांनी एका लहान मुलाच्या स्वेटरात घर केलं होतं.

आत्याने भिंतीचा आधार घेतला नाही. पदर नाकाला बांधला, हातमोजे मागितले, आणि वरून पहिलं खोकं खाली घेतलं.

“आज नको,” साहेब म्हणाला. “माणसं लावतो मी.”

“लावा. तोवर माझं टेबल इथे हलवा. आणि या खोलीला खिडकी पाडून द्या.”

टेबल त्याच आठवड्यात आलं. औषधांचं खोकं तिने पुसून, उजेडात धरून, अर्धा पत्ता वाचून आणि अर्धा तर्काने जोडून पाठवलं. ते पोचलं का, पोचलं तेव्हा उपयोगाचं होतं का, हे कुणी कळवलं नाही. खिडकीचं मात्र फार रखडलं. मंजुरी यायची होती. तोवर आत्या दार सताड उघडं ठेवून बसायची, आणि बोळातून जाणाऱ्या साहेबाने कितीही सांगितलं तरी ते लावायची नाही.